तेजी, मंदी आणि वहीतला अंगठा

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू आयुष्यभर इंग्रजी शिकवलंस, त्यातलंच काहीतरी बोल. पण जेवणानंतरचं सत्र आहे, लोक झोपतील असं बोलू नकोस." मी विषय सांगितला: पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिकेतली तेजी, १९२९ नंतरची मंदी, आणि त्या काळातल्या कादंबऱ्या. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग विचारणा झाली, "याचा आपल्या शहाद्या-तळोद्याशी काय संबंध?" तो संबंध सांगण्यासाठीच मी उभा आहे. सरांनी वर्गात शिकवलंय की उत्तर मुद्देसूद असावं. प्रयत्न करतो.

पहिला मुद्दा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १९७२ चा दुष्काळ. आपण तेव्हा सातवीत होतो. शाळेत सुकडी मिळायची आणि रेशनच्या दुकानात लाल मिलो. त्या मिलोची भाकरी तव्यावरून उतरली की आई म्हणायची, "गरम आहे तोवर खाऊन घ्या." गार झाली की ती दाताला दाद देत नसे. ही मिलो अमेरिकेतून आलेली, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. माझ्यापुरती अमेरिका म्हणजे पोत्यातून येणारा लाल दाणा. त्या देशात कधी लोक उपाशी राहिले असतील, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

खरं तर आपल्या भागाची आणि अमेरिकेची ओळख त्याआधी शंभर वर्षांची, आणि ती कापसामुळे झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश हा कापसाचा मोठा मुलूख. भाव काही पटींनी चढले. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी जुनी माणसं सांगायची. मुंबईत तर प्रेमचंद रायचंदांच्या काळातला तो प्रसिद्ध शेअरबाजार उसळला. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, आणि सगळा डोलारा कोसळला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही गेलं. हा क्रम ध्यानात ठेवा. भाव चढतो, माणसं उसनवारी करून मोठी स्वप्नं बघतात, भाव पडतो, आणि शेवटी वहीपाशी येऊन गोष्ट थांबते. हा 'वही' शब्द मी पुन्हा वापरणार आहे.

आता १९२० नंतरची अमेरिका. युद्ध जिंकलेलं, कारखाने जोरात. मोटार, रेडिओ, धुलाईयंत्र हे सगळं हप्त्यांवर मिळू लागलं. बहुतेक मोटारी हप्त्यांवर घेतलेल्या असायच्या. १९२२ मध्ये सिंक्लेअर लुईस यांची 'बॅबिट' आली. तिचा नायक जमीन-घरांचा दलाल आहे. त्याच्या घरात प्रत्येक वस्तू नव्यातली नवी, तो क्लबात भाषणं करतो, गावाची भरभराट गातो. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की यातलं आपण स्वतः होऊन काहीच निवडलेलं नाही. तो थोडं बंड करतो आणि मुकाट्याने परत कळपात येतो. वर्गात ही कादंबरी शिकवताना मी मुलांना विचारायचो, आपल्या गावात बॅबिट कोण? दरवर्षी चार-पाच नावं हमखास यायची. ती इथे सांगत नाही, त्यातले दोघे आज व्यासपीठावर आहेत! लुईस यांना १९३० मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. ते मिळवणारे ते पहिले अमेरिकन.

१९२५ मध्ये स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' आली. आज तिच्यावर सिनेमे निघतात, आणि लोकांच्या ध्यानात राहतात त्या गॅट्सबीच्या मेजवान्या. माझं लक्ष दुसरीकडे जातं. ते बंगले आणि शहर यांच्या मध्ये राखेचा एक पट्टा आहे. तिथे विल्सन नावाचा माणूस पडकं गॅरेज चालवतो. श्रीमंतांच्या मोटारी त्याच्या दारावरून जातात, कधी पेट्रोल भरायला थांबतात. कादंबरीच्या शेवटी त्याची बायको मोटारीखाली मरते, तोही मरतो, आणि ज्यांच्यामुळे हे घडलं ते सामान बांधून दुसऱ्या गावी जातात. मंदी यायला अजून चार वर्षं होती, पण बिल कुणाच्या नावावर फाटणार हे फिट्झजेराल्डने आधीच लिहून ठेवलं होतं. पुस्तक तेव्हा फार खपलं नाही. लेखक १९४० मध्ये गेला तो आपण अपयशी ठरलो असं समजूनच.

तेजी म्हणजे सगळ्यांची तेजी, असा आपला समज असतो. तो खरा नाही. अमेरिकेत शहरं नाचत होती तेव्हाही तिथला शेतकरी अडचणीतच होता. युद्धात चढलेले धान्याचे आणि कापसाचे भाव १९२० नंतर पडले ते नीट सावरलेच नाहीत. जमिनी आधीच गहाण होत्या. मग ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर गेलेला तिथला निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक जण बेकार होता. हजारो बँका बुडाल्या.

आणि आपल्याकडे? नंदुरबारवरून १९०० मध्ये ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली होती. आपल्या भागातला कापूस बैलगाडीने तापी ओलांडून नंदुरबार स्टेशनला, तिथून सुरत, मुंबई आणि पुढे जपान-इंग्लंडला जायचा. ज्या वाटेने कापूस गेला, त्याच वाटेने मंदी आली. दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. १९३३ मध्ये जपानने काही महिने हिंदुस्थानी कापसावर बहिष्कारच टाकला. सरकारी सारा मात्र रोख आणि ठरलेला. सावकाराचं व्याजही रोख आणि ठरलेलं.

इथे थोडं गणित. गणिताच्या बाईंनी मला आयुष्यात कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत, त्यांनी तपासून घ्यावं. समजा एकाने शंभर रुपये कर्ज काढलं, तेव्हा एका मणाला वीस रुपये भाव होता. म्हणजे पाच मण कापूस विकला की कर्ज फिटलं. भाव दहा रुपये झाला. वहीत आकडा तोच, शंभर. पण आता दहा मण हवा. शेत तेवढंच, पाऊस तेवढाच, हात तेवढेच. माणूस जागेवर उभा असताना त्याचं कर्ज दुप्पट झालं, आणि यात त्याची काहीही चूक नव्हती. मंदी म्हणजे काय हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी जितकं शिकवलं नाही, तितकं या त्रैराशिकाने शिकवलं.

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, सोन्याचा भाव चढला, आणि घराघरांतलं सोनं बाहेर निघालं. बाया-माणसांचे दागिने मोडून, वितळून, मुंबईच्या बंदरातून बोटीवर चढले. माझ्या आजीच्या पाटल्या आणि गोठ त्यातच गेले. म्हातारपणी ती मोकळ्या मनगटावरून हात फिरवत म्हणायची, "सोनं गयं, पन घर ऱ्हायनं." मला लहानपणी त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा. ते घर कशामुळे राहिलं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

त्या काळात मराठीत काय लिहिलं जात होतं? १९२९ मध्ये ना. सी. फडक्यांची 'दौलत' आली. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'मध्ये गिरणगाव आणला. खांडेकरांनी १९३४ च्या 'दोन ध्रुव'मध्ये गरीब आणि श्रीमंत यांच्यातलं अंतर नावातच सांगितलं. पण मला सगळ्यांत जवळचं पुस्तक आठवतं ते 'श्यामची आई'. साने गुरुजींनी आपल्या शेजारी, अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं मुलांना शिकवलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ते पुस्तक लिहून काढलं. त्याच महिन्यात अमेरिकेत एकामागून एक राज्यं बँकांना कुलूप लावत होती. आपण ते पुस्तक आईच्या प्रेमासाठी वाचतो आणि डोळे पुसतो. पुन्हा एकदा वाचा. त्यातली आई खचते ती कर्जाने. वसुलीला माणूस दारात येऊन बसतो, अपमान करतो, आणि ती माउली तिथून उठूच शकत नाही. गोष्ट कोकणातली, गुरुजींच्या बालपणातली. पण ज्या वर्षांत ती लिहिली गेली, त्या वर्षांत खानदेशातल्या किती दारांत असा माणूस बसला असेल!

आता शेवटचं पुस्तक. नववीत असताना शाळेच्या लोखंडी कपाटातून सरांनी मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून दिली. "आत्ता कळणार नाही, पण घरी ठेव," म्हणाले. जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', १९३९ ची. सर, ते पुस्तक मी परत केलं नाही. दंड किती झाला असेल तो सांगा, आज भरतो.

ओक्लाहोमा राज्यातलं एक शेतकरी कुटुंब. दुष्काळ, धुळीची वादळं, डोक्यावर कर्ज. ट्रॅक्टर घर पाडायला येतो. शेतकरी बंदूक घेऊन विचारतो, गोळी घालू तरी कुणाला? ट्रॅक्टरवाला नोकर, त्याला हुकूम देणारा नोकर, आणि बँकेला चेहराच नाही. मग सगळं घरदार एका जुन्या मोटारीवर लादून ते कॅलिफोर्नियाला निघतात, कारण मजूर पाहिजेत अशी पत्रकं त्यांच्या हातात पडलेली असतात. तिथे पोचल्यावर कळतं की पत्रकं गरजेपेक्षा कितीतरी जास्त छापली होती. माणसं जास्त आली की मजुरी पडते. कापूस वेचायला गेलं तर आधी झोळी विकत घ्यायची, तीही उधारीवर. काटा खोटा असतो हे मजुराला माहीत असतं, आणि झोळीत दगड असतात हे मालकाला. स्टाइनबेक हे मनाने रचत नव्हता. १९३६ मध्ये त्याने स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांत फिरून वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. ज्या कर्न परगण्यात ते कुटुंब पोचतं, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत या कादंबरीवर बंदी घातली गेली. म्हणजे निशाणा बरोबर लागला होता.

मी हे पुस्तक पुरतं वाचलं ते एम. ए.ला असताना. आणि वाचताना मला आपला एक वर्गमित्र आठवत राहिला. तो आज इथे बसलाय. त्याला विचारून बोलतोय, नाव मात्र घेणार नाही. आठवीपर्यंत वर्गात पहिला नंबर त्याचा. माझा दुसरा. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला बारडोलीकडे गेले होते. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', उचल आधी घ्यायची आणि हंगामभर फेडायची. तो धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर गेला. मुकादमाने मोटार भरली ती पहाटे, आपण झोपेत असताना. शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही महिने गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या आणि मग नावावर रेघ आली. त्या वर्षी वर्गात माझा पहिला नंबर आला. घरी पेढे वाटले.

आता वहीकडे येतो. वडील गेल्यावर जुनं घर आवरताना माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या सापडल्या. आमच्या आजोबांची कापसाची अडत होती, शेजारी उधारीचा व्यवहारही. अक्षर जुन्या वळणाचं, वाचायला एका जाणकाराला बसवावं लागलं. संवत १९८९ ची वही, म्हणजे १९३२ च्या दिवाळीपासूनचं वर्ष. एका पानावर आपल्या या मित्राच्या आजोबांचं नाव होतं. बियाण्यासाठी घेतलेली रक्कम, मग लग्नासाठी, मग व्याज, मग व्याजावर व्याज. कापसाचा भाव पडत गेलेला त्याच पानावर दिसतो, कारण जमा बाजूला दर वर्षी माल आलाय आणि रुपये मात्र कमी कमी. शेवटची नोंद एका ओळीची: शेत खरेदीने घेतलं. खाली अंगठा. शाई इतकी वर्षं तशीच राहिली आहे, रेषा मोजता येतात.

आजीचं घर राहिलं ते असं.

माझे आजोबा दुष्ट नव्हते. दारचा माणूस उपाशी जाऊ देत नसत. त्यांनी फक्त वहीतला आकडा खरा मानला आणि समोरचा माणूस त्या आकड्याखाली गेला. वरच्या पेढीवाल्याने त्यांच्याशीही तसंच केलं असणार. पण एक फरक होता. आमच्याकडे मोडायला पाटल्या होत्या.

मंदी आल्यानंतर, १९३१ मध्ये, फिट्झजेराल्डची एक कथा प्रसिद्ध झाली, 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड'. तेजीच्या धुंदीत ज्याने संसार उधळला असा माणूस आता सुधारून परत येतो, आपली लहान मुलगी परत मागायला. तो खरोखर सुधारलेला असतो, तरी त्याला ती मिळत नाही. ही कथा मी पंचवीस वर्षं शिकवली, आणि ती वही हातात आल्यावर मला प्रथम कळली. काही गोष्टी पश्चात्ताप झाला म्हणून परत देता येत नाहीत. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आहे, पण तो १९५७ ते १९७४ या काळातल्या व्यवहारांपुरता. १९३३ चा अंगठा त्यात बसत नाही. ते शेतही आमच्याकडे राहिलेलं नाही, वडिलांनी केव्हाच विकलं.

मी त्या पानाची नक्कल घेऊन मित्राच्या घरी गेलो. त्याने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाला, "आजा माझा." मग विचारलं, "शेत कोणतं रे?" मी जागा सांगितली. म्हणाला, "तिथं आता पपई आहे. माझी सून तिथंच निंदायला जाते." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. चहा झाला. निघताना त्याने ती नक्कल ठेवून घेतली.

मित्रहो, आता तुम्ही म्हणाल, स्नेहमेळाव्यात हे कशाला? तर एक व्यवहाराची गोष्ट आहे. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून शाळेला प्रवेशद्वार बांधून द्यायचं ठरतंय, त्यावर आपली सर्वांची नावं. द्वार चांगलंच दिसेल. पण अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याची कुटुंबं आजही दिवाळीनंतर गुजरातेत जातात. ऊस आहे, कापूस वेचणी आहे, वीटभट्टी आहे. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आजही त्या महिन्यांत तशाच खुणा पडतात, मुख्याध्यापकांना विचारा. आईवडील बाहेर असताना मुलांना इथेच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह ही काही नवी कल्पना नाही, सरकारच्या योजनेत ती आहे. तिला जोडून सहा महिने जेवण, अंथरूण, आणि संध्याकाळी अभ्यास घेणारा एक माणूस, एवढं आपण पुरवू शकतो. निदान पंधरा मुलांपासून सुरुवात करू. माझ्या निवृत्तिवेतनातला ठरलेला वाटा मी आजच लिहून देतो. याला कुणी दान म्हणू नये. आमच्या घरच्या वहीत ते जमेच्या बाजूला लिहायचं राहून गेलंय, इतकंच.

देखरेख कोण करणार, हा प्रश्न येईल. मी मित्राला विचारलं आहे. तो म्हणाला, "पहिला नंबर माझा होता, ध्यानात आहे ना? अभ्यास मी घेईन. हिशेब तू ठेव."

सर, ते स्टाइनबेकचं पुस्तक आज सोबत आणलं आहे. पाठपुठ्ठा निघालाय, पानं सगळी आहेत. आपल्या हाताने ते पुन्हा शाळेच्या कपाटात ठेवावं, ही विनंती.